गोठत्या पाण्याची नक्षी टिपताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यात राहते आणि गोठलेल्या पाण्यावरच्या नक्षीचे फोटो काढते. हे कुणाला सांगितलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. पण कॅमेऱ्याच्या सेटिंगकडे वळण्याआधी पाणी कसं गोठतं तेवढा भाग वाचाच, हा माझा आग्रह आहे.

ठाण्यात पाणी गोठतच नाही. मग इथे राहून हा छंद कसा करायचा?

निम्मं काम घरच्या फ्रीजरमध्ये होतं, उरलेलं हिवाळ्यातल्या एखाद्या प्रवासात. कडाक्याच्या थंडीतही ठाण्याचा पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही, त्यामुळे तलावपाळीवर बर्फाचा पापुद्रा धरेल अशी आशा नको. पण स्टीलच्या ताटलीतलं अर्धा सेंटिमीटर पाणी ज्या नियमांनी गोठतं, त्याच नियमांनी हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरमधलं तळंही गोठतं. सुया कुठून निघतात, बुडबुडे कुठे अडकतात, उजेड कोणत्या बाजूने आला की रेघा उठून दिसतात, हे सगळं स्वयंपाकघरात शिकता येतं. ते शिकून गेलेल्या माणसाला तळ्याकाठी पोचल्यावर काय शोधायचं ते माहीत असतं. नाहीतर नजर समोरच्या हिमशिखरांवर जाते, तिथेच अडकते, आणि पायाशी असलेली नक्षी पाहायची राहून जाते.

बर्फावर नक्षी असते म्हणजे नेमकं काय दिसतं?

पाणी अगदी संथ असेल आणि रात्र निरभ्र असेल तर सगळ्यात आधी दिसतात त्या सुया. काठावरचा दगड, बुडालेली काडी, गवताचं पातं यांच्यापासून लांब, सरळ रेघा पाण्याच्या पृष्ठभागावर धावत जातात. पाणी शून्य अंशाला पोचलं की लगेच गोठतं असं नाही. गोठण्याची सुरुवात व्हायला काहीतरी आधार लागतो, धुळीचा कण किंवा हवेतून पडलेला बर्फाचा कण. तो मिळेपर्यंत पाणी शून्याच्या खाली जाऊनही द्रव राहतं. अगदी शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब तर उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात. तळ्यात इतकं काही घडत नाही. तिथे पृष्ठभाग शून्याच्या किंचितच खाली जातो. पण एकदा सुरुवात झाली की साठलेली सगळी घाई त्या सुयांमध्ये उतरते.

बर्फाच्या स्फटिकाची रचना षट्कोनी असते. त्याची वाढ सपाट पातळीत झपाट्याने होते आणि त्या पातळीला काटकोनात अगदी सावकाश. म्हणून स्फटिक आडवा तरंगत असेल तर सहा हातांचा तारा किंवा फांद्याफांद्यांचं पीस दिसतं, आणि उभा किंवा तिरका असेल तर नुसती सुई. पिसाच्या मधल्या दांड्यापासून फुटणाऱ्या फांद्या ६० अंशांच्या कोनात असतात. हा कोन एकदा डोळ्यांत बसला की तो सगळीकडे ओळखू येतो. सुयांच्या मधली जागा नंतर शांतपणे भरते आणि तिथला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. म्हणजे रेघ आधीची, सपाट भाग नंतरचा. फोटोची चौकट ठरवताना मी हाच क्रम मनात धरते: सुरुवात जिथे झाली तो दगड किंवा काडी चौकटीत असेल, तर फोटो पाहणाऱ्यालाही त्या रेघा कुठून आल्या ते कळतं.

उथळ डबक्यांत वेगळीच गंमत असते. वर पापुद्रा धरतो, खालचं पाणी जमिनीत मुरून पातळी उतरते. पाण्याची कड जिथे टेकते तिथे दरवेळी नवी रेघ गोठते, आणि शेवटी नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वळणं उरतात. खाली हवा असल्यामुळे हा बर्फ पांढरा दिसतो आणि पायाखाली कडकन मोडतो. पहाटे गावातली मुलं शाळेला जाण्याआधी तिथे पोचा, कारण तो मोडण्याचा मोह कुणालाच आवरत नाही.

मग बुडबुडे. पाण्यात विरघळलेली हवा बर्फात जवळजवळ मावतच नाही. गोठताना ती पुढे ढकलली जाते, आणि गोठण्याचा वेग जास्त असेल तर जागच्या जागी अडकते. काही तळ्यांत तळाच्या गाळातला पालापाचोळा कुजून मिथेन वर येतो आणि त्याच्या चकत्या एकावर एक थरांत गोठतात. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातलं अब्राहम सरोवर त्यासाठी जगभर ओळखलं जातं. ते धरणामुळे १९७२ साली तयार झालेलं कृत्रिम सरोवर आहे.

तडे, बर्फावर उमलणारी दवाची फुलं, आणि हिमाच्या थरात खालून पाणी घुसून तयार होणारे काळे कोळ्यासारखे तारे हेही याच कुळातले. त्यातली दवाची फुलं फार नाजूक असतात. ताज्या बर्फापेक्षा हवा बरीच थंड असेल तरच ती येतात आणि वाऱ्याची झुळूक आली की संपतात.

तळं वरूनच का गोठतं?

पाणी सुमारे ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. गार होणारं पाणी तोपर्यंत खाली बसत राहतं. सगळं तळं ४ अंशांवर आलं की त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि तिथेच गोठतं. बर्फाची घनता पाण्याहून सुमारे ८ टक्के कमी असते, म्हणून तो तरंगतो. फोटो काढणाऱ्याने यातून एवढं घ्यावं: खोल तळं उशिरा गोठतं, उथळ कड आणि डबकी आधी. पहिल्या थंडीत डबकी शोधा.

हवेचं तापमान शून्याच्या वर असताना पाणी गोठू शकतं का?

हो. आणि हे कळल्यावर महाराष्ट्रातही आशेला जागा उरते.

हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन, पानं, गाडीचं टप हे सगळं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत राहतं आणि आजूबाजूच्या हवेहून काही अंशांनी गार होतं. त्यामुळे पेटीतला पारा ३-४ अंश दाखवत असताना गवतावर दव गोठलेलं असू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात डिसेंबर-जानेवारीत असंच होतं. जेट्टीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण दिसतात. वेण्णा तलाव स्वतः गोठत नाही, एवढं लक्षात ठेवून जा.

आपल्याच देशात याच गोष्टीचा उपयोग करून बर्फ पिकवला जायचा. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने १७७५ साली अलाहाबादकडच्या पद्धतीचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं. जमिनीत उथळ खड्डे खणायचे, त्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं अंथरायची, त्यावर मातीची उथळ भांडी पाणी भरून रात्रभर ठेवायची आणि सूर्य उगवण्याआधी वरचा बर्फ गोळा करायचा. खालून जमिनीची ऊब अडवायची आणि वरून आकाश उघडं ठेवायचं, हा त्यामागचा सगळा विचार. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण ताटलीखाली वर्तमानपत्र घालून मी फ्रीजरमध्ये जे करते त्याला इतकी जुनी परंपरा आहे.

माझ्या फ्रीजमधला बर्फ नुसताच पांढरा होतो. नक्षी का येत नाही?

घरातला फ्रीजर साधारण उणे १८ अंशांना चालतो आणि भांड्याला सगळ्या बाजूंनी एकदम गार करतो. बर्फ चारही बाजूंनी आत सरकतो, हवा मधोमध कोंडते आणि पांढरा ढग तयार होतो. तळ्यात थंडी फक्त वरून येते. तेच घरी घडवायचं.

ताटली स्टीलची घ्या, काठ जेमतेम दोन सेंटिमीटरचे. काचेची नको. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काच तडकते. ताटलीखाली थर्माकोलचा तुकडा किंवा चार-पाच घड्यांचं वर्तमानपत्र ठेवा, म्हणजे खालून थंडी लागत नाही. जुन्या पद्धतीच्या डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये तर हे हवंच, कारण तिथे कप्प्याचा तळच सगळ्यात गार असतो. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये पंखा हवा फिरवतो आणि पाण्यावर बारीक कंप उठतो. अशा वेळी ताटलीच्या बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा करा. पाणी आधीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार करून घ्या.

अर्ध्या तासापासून पुढे मधूनमधून डोकावत राहा, पण दार पटकन बंद करा. पृष्ठभागावर पापडाइतका पातळ थर धरला की ताटली बाहेर काढा आणि खालचं न गोठलेलं पाणी एका कोपऱ्यातून हळूच ओतून टाका. पाणी निघून गेलं की सुया आणि पिसं उठावाने दिसू लागतात. पाणी ओतण्याची ही एक कृती सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पूर्ण गोठलेल्या ताटलीत नक्षी बुजून जाते.

बुडबुड्यांचे फोटो हवे असतील तर उलट करा: थर्माकोलच्या छोट्या डब्यात पाणी भरा, झाकण उघडं ठेवा आणि बराच वेळ गोठू द्या. वरचा भाग काचेसारखा स्वच्छ, खाली जाल तसे उभे लांबट बुडबुडे मिळतात. पाणी उकळून घेतल्याने थोडा फरक पडतो, पण मुख्य काम थर्माकोलचं आहे.

ताटली बाहेर काढली की दोन सेकंदांत तिच्यावर धुकं चढतं. काय करायचं?

खाडीकाठच्या शहरात राहण्याची ही किंमत आहे. आपल्या हवेतली वाफ गार बर्फाला लागताच गोठते आणि सगळी नक्षी झाकली जाते. पावसाळ्यात तर प्रयत्नच करू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या सकाळी सर्वांत बऱ्या. बाकीच्या दिवसांत खोलीत एसी बऱ्याच वेळ आधी लावून हवा कोरडी करून घ्या. गॅसवर काही उकळत असेल तर स्वयंपाकघर सोडा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस रिकाम्या ताटलीवर आधीच जुळवलेला, उजेड लावलेला, अशी सगळी तयारी करून मगच फ्रीजर उघडा. ओटा बसवताना उरलेला काळ्या कडप्प्याचा तुकडा घरात असेल तर तोही फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी ओतून दिल्यावर बर्फाचा थर ताटलीतून त्या गार कडप्प्यावर सरकवा. काळी पार्श्वभूमी मिळते आणि बर्फ जरा जास्त टिकतो.

धुकं चढलंच तर घाईने पुसू नका, ओरखडे उठतात. बर्फ वितळायला लागला की वर पाण्याचा अगदी पातळ थर येतो आणि धुकं आपोआप नाहीसं होतं. तो मिनिटभराचा काळ सोन्याचा. किंवा गार पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश एकदाच, एकाच दिशेने फिरवा.

काही फोटोंत बर्फ इंद्रधनुष्यासारखा रंगीत दिसतो. तो संगणकावर रंगवलेला असतो का?

नाही, ते रंग खरे आहेत आणि घरी काढता येतात. माझ्या मते या छंदातला हा सर्वांत देखणा भाग आहे.

बर्फाच्या स्फटिकातून जाताना प्रकाश दोन भागांत विभागतो आणि ते दोन भाग किंचित वेगळ्या वेगाने जातात. साध्या उजेडात हे कळत नाही. पण खाली एक ध्रुवीकरण करणारा, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पडदा आणि वर दुसरा, त्याला काटकोनात, असं ठेवलं तर मागेपुढे झालेले ते दोन भाग एकत्र येताना काही रंग उठतात आणि काही विझतात. रंग कुठला येणार हे थराची जाडी आणि स्फटिक कुठल्या दिशेला कलला आहे यावर ठरतं. म्हणून एकसंध दिसणारा थर प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या कणांचा बनला आहे ते एका नजरेत कळतं. जो कण अगदी आडवा, सपाट पडलेला असतो तो काळाच राहतो. काळा दिसला म्हणून चुकलं असं समजू नका.

खालचा पडदा विकत घ्यावा लागत नाही. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा उजेड ध्रुवीकृतच असतो. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा. त्याच्या वर चार-पाच बोटांवर, दोन्ही बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे ठेवून, फोटोफ्रेमची साधी सपाट काच आडवी ठेवा. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा. लॅपटॉपवर पाणी सांडू नये म्हणून काचेच्या कडेने कापडाची सुरळी ठेवा, आणि जुना मॉनिटर आडवा करून वापरता आला तर उत्तमच. मध्ये प्लॅस्टिकचा कागद मात्र घालू नका, त्याचे स्वतःचे रंग मिसळतात. वरचा पडदा म्हणून लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, तो फिरवत पडदा काळा होईपर्यंत थांबा, आणि मग बर्फाचा थर काचेवर ठेवा. अर्धा ते एक मिलिमीटर जाडीला रंग भडक येतात. जास्त जाड झाला की फिकट गुलाबी-हिरवट होत जातात. बर्फ वितळताना जाडी बदलते आणि रंग सरकत जातात, म्हणून शटर दाबत राहा.

मच्छी मार्केटमधल्या बर्फाच्या लादीचे फोटो काढण्यात अर्थ आहे का?

खूप आहे. कारखान्यात मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे उंच डबे बुडवून लादी गोठवतात. बर्फ चारही भिंतींपासून आत सरकतो, हवा आणि क्षार मध्यावर ढकलले जातात, म्हणून लादीच्या मधोमध पांढरा गाभा आणि त्याच्याकडे वळलेल्या बुडबुड्यांच्या रेघा दिसतात. फोडलेल्या लादीच्या तुकड्याला मागून सकाळचं ऊन लागलं की आत एक अख्खं रान दिसतं. ठाण्याच्या बाजारात किंवा वाशीला भल्या पहाटे जा, मावशींना आधी विचारा, धंद्याच्या वेळी वाटेत उभे राहू नका. आणि निघताना मासे घेऊनच या.

एक खुलासा: निळसर लादी दिसली तर तो हिमनदीचा निळा नव्हे. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून राज्यात २०१८ पासून त्यात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे.

मोबाइल चालेल का?

सुरुवातीला मोबाइलच बरा. मॅक्रो मोड असेल तर तो वापरा, पण फोन बर्फाला समांतर आणि स्थिर धरा. वर टांगता आला तर आणखी चांगलं. पुढे जायचं ठरलं तर कॅमेऱ्याला ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स हवी. बजेट कमी असेल तर असलेल्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यात बसणारी पोकळ नळी लावा. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला जुन्या लेन्सही मिळतात. घेण्याआधी काच उजेडात धरून बुरशी तपासा. आपल्या दमट हवेत बुरशी हा लेन्सचा पहिला शत्रू आहे.

कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवायचं?

आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते २००, अपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) एफ ८ ते एफ ११, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल. अपर्चर त्याहून लहान केलं तर नक्षीची धार बोथट होते. कॅमेरा बर्फाच्या पृष्ठभागाला समांतर असेल तर एफ ८ सहज पुरतं. तिरका फोटो हवा असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढा आणि नंतर संगणकावर जोडा.

पांढरा बर्फ चौकटभर असेल तर कॅमेरा त्याला करडा करून टाकतो. एक्सपोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या. तळ दिसणारा पारदर्शक बर्फ मात्र मुळात काळा असतो. तिथे वाढवायचं नाही, उलट किंचित कमी करा, नाहीतर सुयांची चमक जळून जाईल. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, बघायची सवय लावून घ्या, पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका.

फोटो धारदार का येत नाही? हात तर हलला नव्हता.

बहुतेक वेळा फोकस प्रतिबिंबावर बसलेला असतो. बर्फात दिसणारं झाड किंवा ढग कॅमेऱ्याच्या दृष्टीने बर्फाच्या पृष्ठभागावर नसतो. तो असतो त्याच्या प्रत्यक्ष अंतराइतका दूर. ऑटोफोकसला तो ढग जास्त ठळक वाटतो आणि नक्षी पुसट होते. हाताने फोकस करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र मोठं करून एखाद्या सुईच्या टोकावर.

याचा सराव बर्फाशिवाय करता येईल?

ठाण्याइतकी तळी सहसा कुठल्या शहराच्या वाट्याला आलेली नाहीत. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, सिद्धेश्वर यांपैकी घराजवळचं कुठलंही निवडा आणि सूर्योदयाच्या सुमारास, वारा सुटायच्या आत जा. उपवनला सकाळचं ऊन येऊरच्या डोंगरावर पडतं आणि डोंगर पाण्यात उतरतो. तिथे तरंगणाऱ्या एका पानावर फोकस करून डोंगर पुसट ठेवा, मग उलट करा. मग पोलरायझर फिरवत बघा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर चकाकी जवळजवळ पूर्ण निघून जाते आणि तळ दिसतो. बर्फाच्या बाबतीतही हा कोन तेवढाच असतो.

पण पोलरायझर नेहमी लावून ठेवू नका. बुडबुडे आणि तळ दाखवायचा असेल तेव्हा तो हवा. सुया आणि पिसं मात्र आकाशाच्या चकाकीमुळेच दिसतात. ती चकाकी काढली की नक्षीही जाते.

नवी मुंबईच्या वाचकांनी खाडीऐवजी गोड्या पाण्याचं तळं निवडावं. खाडीला भरती-ओहोटीची हालचाल असते, तिथे संथ पृष्ठभाग मिळणं कठीण.

खरं गोठलेलं तळं पाहायला कुठे जाऊ?

पहिल्या खेपेला मी नाको सुचवते. किन्नौरमधलं सुमारे ३,६६० मीटर उंचीवरचं गाव, मधोमध लहान तळं, हिवाळ्यात ते गोठतं आणि तळ्याला पायी फेरी मारता येते. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलं की सिस्सूचं तळं आहे. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यात तिथे पोचणं सोपं झालं, पण मोठा हिमवर्षाव झाला की वाहतूक थांबवतात, म्हणून हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा चिल्लई कलान असतो. दल सरोवराच्या कडांना पातळ बर्फ धरतो, सकाळी शिकारेवाले तो वल्ह्यांनी फोडत वाट काढतात, आणि ते फुटलेले त्रिकोणी तुकडे पुन्हा एकमेकांत गोठतात. सिक्कीममध्ये गंगटोकपासून जवळ ३,७५३ मीटर उंचीवरचं चांगू, म्हणजे त्सोमगो सरोवर आहे. तिथे परवाना लागतो.

पँगाँग खूप मोठं, ४,२०० मीटरहून उंच आणि किंचित खारट. खारं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाचा पोत वेगळा येतो. पण पहिल्या प्रवासासाठी ते नको. आपण समुद्रसपाटीवरून जाणारी माणसं आहोत. लेहला पोचल्यावर किमान दोन दिवस काहीही न करता बसायचं असतं, आणि इथून चार-पाच दिवसांची सुट्टी काढून निघालेल्या माणसाला ते जमत नाही.

लडाखमधल्या झांस्कर नदीवर हिवाळ्यात धरणारी बर्फाची चादर? ती वाहत्या नदीवरची. संथ पाण्याची नक्षी तिच्यावर शोधू नका.

दिवसातली कुठली वेळ?

पहाट. उजाडल्यापासून ऊन तळ्यावर येईपर्यंतचा वेळ नक्षीसाठी, आणि पहिलं तिरपं ऊन पडल्यावरची थोडी मिनिटं उठावासाठी. ऊन डोक्यावर आलं की मी कॅमेरा बंद करते.

बर्फावर उभं राहावं का?

स्थानिक माणूस सोबत असेल आणि त्याने स्वतः चालून दाखवलं असेल तरच. एका माणसाच्या वजनासाठी किमान १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, नितळ बर्फ हवा असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पांढरा, बुडबुडे भरलेला बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरतात. ओढा जिथे तळ्याला मिळतो, झरा जिथे फुटतो, झुडपं जिथे बर्फातून वर आलेली असतात, तिथे थर पातळ असतो. आणि खरं सांगायचं तर उत्तम नक्षी घोटाभर पाण्याच्या कडेलाच असते. काठावर पोटावर झोपून ती टिपता येते. पाच इंच पुढे सरकून काही जास्त मिळत नाही.

कुणी पाण्यात पडलंच तर ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळायचं, हात बर्फावर पसरायचे, पाय मारत छातीवर वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत काठाकडे जायचं. कोरडे कपडे गाडीत असलेच पाहिजेत.

थंडीत कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यायची?

बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवा. थंडीत ती लवकर मान टाकते आणि उबेत परत थोडी चालते. खोलीत परतण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडू नका. एसीच्या खोलीतून ठाण्याच्या रस्त्यावर आल्यावर चष्म्यावर जे होतं तेच लेन्सच्या आत होऊ शकतं. मेमरी कार्ड पिशवीत घालण्याआधी काढून घ्या, म्हणजे रात्री फोटो बघायची घाई भागते.

फोटो फार निळे येतात. दुरुस्त करू का?

थोडेच. सावलीतल्या बर्फावर वरच्या आकाशाचा उजेड पडतो, तो निळाच असतो. बर्फाचा स्वतःचा निळा रंग फक्त जाड, बुडबुडे नसलेल्या थरात दिसतो, कारण तो तांबडा प्रकाश शोषतो. काही सेंटिमीटरच्या पापुद्र्याला स्वतःचा रंग नसतो. सगळं निळं काढून टाकलं तर पहाटेचा फोटो दुपारचा वाटतो.

नक्षी छान यावी म्हणून बर्फात पान ठेवलं, पाणी शिंपडलं तर चालतं का?

घरच्या ताटलीत खुशाल करा, तो प्रयोगच आहे. तळ्यावर करू नका. बर्फात गोठलेलं पान वाऱ्याने आणलेलं असतं तेव्हा त्याच्याभोवतीच्या सुया त्या पानापासूनच निघालेल्या असतात. वरून ठेवलेलं पान त्या रेघांशी जुळत नाही, आणि जाणत्या नजरेला ते लगेच कळतं. आवाज ऐकायला म्हणून दगड मारणं तर अजिबात नको, मागून येणाऱ्यासाठी काही उरत नाही.

या कामाची सुरुवात कुणी केली?

हिमकणांपुरतं बोलायचं तर विल्सन बेंटली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिकोचा हा शेतकरी. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी पहिला हिमकण टिपला आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ५,००० हून अधिक हिमकणांचे फोटो काढले. खिडकीवरचं दव आणि गोठलेलं पाणीही त्याने टिपलं. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला आणि कोणत्या तापमानाला, किती बाष्पाला कोणता आकार येतो ते तपासलं. नक्षी का येते हे समजून घेऊन मग ती पाहायची, हा विचार मला नाकायांच्या कामातून फार पटला.

फोटोसोबत काय लिहून ठेवावं?

ठिकाण, वेळ, रात्री आकाश निरभ्र होतं की ढगाळ, वारा होता का, पाण्याची खोली, बर्फाची अंदाजे जाडी. घरच्या ताटलीसाठी पाण्याचं सुरुवातीचं तापमान, खाली काय ठेवलं होतं आणि किती वेळाने बाहेर काढलं. वहीत लिहिलंत तरी चालेल, पण फोटोचा क्रमांक शेजारी टाका. एखादी नक्षी आवडून पुन्हा हवी झाली तर ताटली किती वेळ ठेवायची, हे त्या नोंदीवरूनच ठरवावं लागतं.